गांजाचा मेळावा, विद्यापीठाची हिरवळ आणि बंदीचा अधिकार

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर हे सुमारे एक लाख वस्तीचे शहर आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचा सर्वांत मोठा परिसर येथेच असून, तेथील नॉर्लिन ग्रंथालयासमोरची विस्तीर्ण हिरवळ ही विद्यार्थ्यांची बसण्या-उठण्याची हक्काची जागा समजली जाते. २० एप्रिल २०१२ रोजी मात्र या हिरवळीवर कोणालाही पाऊल ठेवता आले नाही. विद्यापीठाने तेथे माशांपासून तयार केलेले खत टाकले होते. त्याच्या दुर्गंधीमुळे जवळ फिरकणेही नकोसे व्हावे, हाच त्यामागचा हेतू. सभोवती पोलिसांचा पहारा होता. इतकेच नव्हे, तर संपूर्ण परिसर त्या दिवशी बाहेरच्या नागरिकांसाठी बंद ठेवण्यात आला आणि विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांनाही ओळखपत्र जवळ बाळगण्यास सांगण्यात आले.

एवढा बंदोबस्त कशासाठी? तर दरवर्षी २० एप्रिलला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी याच हिरवळीवर हजारो तरुण जमत आणि सामुदायिकरीत्या गांजा ओढत. आधीच्या काही वर्षांत ही गर्दी दहा हजारांच्या वर गेली होती. त्या क्षणी हिरवळीवर धुराचा ढग उभा राहत असे आणि त्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकत. विद्यापीठाला ती नको होती.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी गेल्या पाच दशकांत अशा मेळाव्यांना आळा घालण्याचे नाना उपाय केले. त्यांतले काही न्यायालयात टिकले, काही टिकले नाहीत. गांजा ही वस्तू बेकायदा होती तेव्हा हा प्रश्न सोपा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो तेव्हाही सोपा नव्हता. आणि अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केल्यावर तो सुटला असेल, हाही समज चुकीचा आहे.

'चार-वीस'चे मूळ

मराठी वाचकाला ४२० हा आकडा दिसला, की फसवणुकीचे कलम आठवते. (भारतीय दंड विधानाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ झाले, तरी बोलीतला 'चारसोबीस' काही बदललेला नाही.) अमेरिकेतल्या ४२० चा या कलमाशी काहीही संबंध नाही. तो तेथील पोलिसांचा सांकेतिक क्रमांक आहे, ही तेथे वर्षानुवर्षे सांगितली जाणारी कथाही खरी नाही.

हा आकडा आला तो कॅलिफोर्नियातील सॅन राफेल या गावच्या शाळेतून. १९७१ साली तेथील पाच विद्यार्थी शाळा सुटल्यावर, दुपारी ४.२० वाजता, आवारातील लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी जमू लागले. पॉइंट रेयीस या किनारी भागात कोणीतरी लावलेली आणि मग सोडून दिलेली गांजाची झाडे आहेत, असे त्यांच्या कानावर आले होते आणि त्यांचा शोध घेण्यासाठी ही भेटण्याची वेळ ठरली होती. झाडे काही सापडली नाहीत. वेळ मात्र खूणशब्द होऊन बसली. 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाच्या गोतावळ्यातून ती देशभर पसरली आणि गांजाला वाहिलेल्या 'हाय टाइम्स' या मासिकाने तिला जगभर नेले. अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला की २० एप्रिल ही तारीख ४/२० अशी होते. घड्याळातली वेळ अशी दिनदर्शिकेत आली. या आकड्याचे वेड इतके, की कोलोरॅडोतील एका महामार्गावरचा ४२० क्रमांकाचा मैलाचा फलक वारंवार चोरीला जाऊ लागला. अखेर २०१४ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने तेथे '४१९.९९' असा फलक लावला.

अ‍ॅन आर्बरचा धडा

विद्यापीठाच्या आवारातील गांजाचा मेळावा ही कल्पना मात्र ४/२० हून वेगळ्या वाटेने रुजली. तिचे घर मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर. येथील मिशिगन विद्यापीठाच्या मध्यवर्ती चौकाला सारे 'डायग' म्हणतात. तेथे १ एप्रिल १९७२ रोजी पहिला 'हॅश बॅश' भरला.

त्याला एक पार्श्वभूमी होती. जॉन सिंक्लेअर हे कवी व राजकीय कार्यकर्ते. साध्या वेषातील पोलिसांना गांजाच्या दोन सिगारेटी दिल्याच्या प्रकरणात त्यांना १९६९ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा झाली. दोन सिगारेटींसाठी दहा वर्षे, ही गोष्ट तेव्हाही अनेकांना खटकली. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांच्या सुटकेसाठी विद्यापीठाच्याच क्रायस्लर अरीना या सभागृहात प्रचंड सभा झाली. जॉन लेनन, योको ओनो व स्टीव्ही वंडर यांनी तेथे हजेरी लावली. तीन दिवसांनी सिंक्लेअर तुरुंगाबाहेर आले. पुढे ९ मार्च १९७२ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली आणि ज्या कायद्याखाली ती झाली तो घटनाबाह्य ठरवला. विधिमंडळाने केलेला नवा कायदा १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता. मधले सुमारे तीन आठवडे मिशिगनमध्ये गांजा बाळगण्याविरुद्ध जणू कायदाच नव्हता. नवा कायदा लागू झाला त्याच दिवशी त्याच्या निषेधार्थ डायगवर लोक जमले, तो पहिला हॅश बॅश. पुढे तो एप्रिलच्या पहिल्या शनिवारी भरू लागला.

अ‍ॅन आर्बर नगरपालिकेने १९७२ मध्ये गांजा बाळगण्याबद्दल अवघा पाच डॉलर दंड ठरवला. दुसऱ्या वर्षी हा नियम रद्द झाला. पण १९७४ मध्ये मतदारांनी तो थेट शहराच्या सनदेतच घालून घेतला. पुढे १९९० मध्ये दंड पंचवीस डॉलर झाला. गंमत अशी, की हा नियम शहराच्या हद्दीतला आणि डायग ही विद्यापीठाची, म्हणजे राज्याची जागा. तेथे राज्याचा कायदा लागू. त्यामुळे पदपथावर पकडलेल्याला किरकोळ दंड आणि चार पावलांवर, चौकात पकडलेल्याला फौजदारी खटला, असा प्रकार अनेक वर्षे चालला. जागा कोणाची, या प्रश्नाला या विषयात किती वजन आहे, हे यावरून कळावे.

या मेळाव्याला अटकाव करण्याचे प्रयत्न विद्यापीठाने केले. गांजाविषयक कायद्यांत सुधारणा मागणाऱ्या 'नॉर्मल' या संघटनेची विद्यार्थी शाखा चौक वापरण्याची व ध्वनिवर्धक लावण्याची परवानगी मागत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून विद्यापीठाने ती नाकारण्यास सुरुवात केली. गेल्या वर्षी तेथे कायदा मोडला गेला, सबब यंदा परवानगी नाही, असा पवित्रा होता. प्रकरण न्यायालयात गेले. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागले आणि विद्यापीठाला परवानगी देणे भाग पडले.

धूर आणि शब्द

या निकालांमागचे तत्त्व समजून घेतल्याखेरीज पुढचे काही कळणार नाही. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषण व शांततापूर्ण सभेचे स्वातंत्र्य देते आणि ते सरकारी विद्यापीठांवर बंधनकारक आहे. खासगी विद्यापीठांना ते थेट लागू होत नाही. त्यांचे नियम ती स्वतः ठरवतात. गांजा ओढणे हे भाषण नव्हे, त्याला संरक्षण नाही. गांजावरील बंदी उठवा, असे म्हणणे मात्र भाषण आहे आणि त्यासाठी चौकात जमणे ही सभा आहे. एकाच हिरवळीवर, एकाच माणसाच्या तोंडून धूर आणि शब्द दोन्ही निघत असतील, तर विद्यापीठाने काय करावे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या खटल्यांत याची चौकट आखून दिली आहे. १९७२ च्या 'हीली विरुद्ध जेम्स' खटल्यात त्याने सांगितले, की एखाद्या विद्यार्थी संघटनेची मते पटत नाहीत म्हणून सरकारी महाविद्यालयाला तिची मान्यता नाकारता येणार नाही. १९८१ च्या 'विडमार विरुद्ध व्हिन्सेंट' खटल्यात आणखी पुढे जाऊन, विद्यापीठाने जागा सर्व संघटनांना खुली केली असेल तर आशय पाहून एकीला वगळता येणार नाही, असे म्हटले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील संगीताच्या आवाजावरून झालेल्या 'वॉर्ड विरुद्ध रॉक अगेन्स्ट रेसिझम' या १९८९ च्या खटल्यात दुसरी बाजू स्पष्ट झाली: सभेची वेळ, जागा आणि पद्धत यांवर वाजवी बंधने घालता येतात. मात्र ती आशयाकडे न पाहता घातलेली हवीत, त्यामागे महत्त्वाचे सार्वजनिक हित हवे आणि म्हणणे मांडण्याचे अन्य मार्ग खुले राहायला हवेत.

वेळ, जागा, पद्धत. विद्यापीठांच्या वकिलांनी हे तीन शब्द नेमके टिपले. गांजाच्या समर्थनाला मज्जाव केला, तर न्यायालयात हार ठरलेली. मैदानाला मज्जाव केला, तर जिंकण्याची शक्यता मोठी. बोल्डरच्या खताचा उगम येथे आहे.

आशयाला हात घातल्यास काय होते, याचे उदाहरण आयोवा स्टेट विद्यापीठाने घालून दिले. तेथील 'नॉर्मल'च्या विद्यार्थी शाखेने २०१२ मध्ये एक टी-शर्ट काढला. त्यावर विद्यापीठाच्या मानचिन्हातला 'साय' हा पक्षी आणि गांजाचे पान होते. प्रशासनाने आधी मंजुरी दिली. राजकीय वर्तुळातून नापसंती व्यक्त होताच ती मागे घेतली आणि मानचिन्हांच्या वापराचे नियम बदलले. विद्यार्थी न्यायालयात गेले. 'गर्लिक विरुद्ध लीथ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. एका पानासाठी विद्यापीठाला कोर्टाची पायरी झिजवावी लागली.

शाळांचे नियम वेगळे आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. अलास्कातील जुनो येथे २००२ मध्ये एका शाळकरी मुलाने रस्त्यावर गांजासंबंधीचा चमत्कारिक मजकुराचा फलक धरला, म्हणून मुख्याध्यापिकेने त्याला शाळेतून काही दिवसांसाठी निलंबित केले. 'मोर्स विरुद्ध फ्रेडरिक' या खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्याध्यापिकेची बाजू उचलून धरली. विद्यापीठात शिकणारी मुले मात्र प्रौढ असतात. त्यांच्या बाबतीत हा निकाल आपोआप लागू होत नाही.

बोल्डरचे उपाय

खताची पाळी येण्यापूर्वी बोल्डरच्या प्रशासनाने बरेच काही करून पाहिले होते. मेळावा तेव्हा फॅरंड फील्ड या वसतिगृहांलगतच्या मैदानावर भरत असे. तेथे ऐन वेळी पाण्याचे फवारे सुरू करून लोकांना पांगवण्याचा उपाय झाला. भिजलेल्या तरुणांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा हजेरी लावली. २००६ मध्ये विद्यापीठाच्या पोलिसांनी मैदानावर जमलेल्यांची छायाचित्रे टिपली, त्यांतली सुमारे दीडशे इंटरनेटवर टाकली आणि ओळख पटवून देणाऱ्यास प्रत्येकी ५० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. सहाध्यायांनीच सहाध्यायांना पकडून द्यायचे, अशी ही योजना. तिच्यावर बरीच टीका झाली. गर्दी काही ओसरली नाही. ती नॉर्लिनच्या हिरवळीवर सरकली आणि अनेक पटींनी वाढली.

दहा हजारांच्या जमावातील प्रत्येकाला दंडाची पावती देणे कोणत्याही पोलिस दलाला शक्य नाही. अटकाव करायला गेल्यास चेंगराचेंगरीची भीती. त्यामुळे काही वर्षे पोलिस कडेला उभे राहत आणि जमेल तितक्या पावत्या फाडत. बाहेरगावची मंडळी मोटारी भरभरून येऊ लागली होती. प्रशासनाच्या तक्रारीही अगदीच बिनबुडाच्या नव्हत्या. हिरवळीभोवतीच्या इमारतींत तासिका व प्रयोग चालू असत. सत्राची अखेर जवळ आलेली असे. कोणाला भोवळ आली तर रुग्णवाहिका आत शिरणे कठीण. त्यात २०११ मध्ये 'प्लेबॉय' मासिकाने मौजमजेसाठी प्रसिद्ध विद्यापीठांच्या यादीत बोल्डरला पहिला क्रमांक दिला. आपल्याकडे मानांकनात पहिले येण्यासाठी विद्यापीठे धडपडतात. हा मान मात्र प्रशासनाला गिळता येईना.

मग २०१२ मध्ये परिसरच बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच दुपारी विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाने गायक वायक्लेफ जाँ यांचा कार्यक्रम ठेवून मुलांना दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न केला. बंदीविरुद्ध बोल्डरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली. सभास्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने बंदी रोखण्यास नकार दिला. प्रत्यक्ष दिवशी काहीशे विद्यार्थी दुसऱ्या एका मैदानात जमले आणि त्यांनी प्रतीकात्मक निषेध केला. मागच्या वर्षीच्या गर्दीपुढे हा आकडा नगण्य होता. २०१३ आणि २०१४ मध्येही त्या दिवशी बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. २०१५ पासून संपूर्ण परिसर बंद ठेवण्याचा प्रघात सोडून देण्यात आला. तोवर मेळाव्याची साखळी तुटली होती. विद्यार्थ्यांची एक पिढी चार वर्षांत बदलते. तीन वर्षे खंड पडला, की पुढच्यांना दाखवायला कोणी उरत नाही.

उपाय यशस्वी झाला, हे मान्य करावे लागते. तो योग्य होता का, हा वेगळा प्रश्न आहे. याच विद्यापीठाच्या फोल्सम फील्ड क्रीडांगणात फुटबॉलच्या सामन्यांना पन्नास हजार प्रेक्षक बसतात. सामन्याच्या दिवशी मद्यपान होते, रस्ते तुंबतात, पोलिसांचा खर्च वाढतो. तरी सामन्याच्या दिवशी विद्यापीठ बाहेरच्यांना दार लावून घेत नाही. उलट तिकिटे विकते. गर्दी, गोंगाट व खर्च ही तिन्ही कारणे खरी असली, तरी त्यांचे वजन कोण जमले आहे यावर बदलते, असा संशय घेण्यास येथे जागा राहते. सरकारी पैशावर चालणारे आवार एक दिवस सर्वांसाठी बंद करणे हे आशयाकडे न पाहता घातलेले बंधन आहे, असे कागदावर म्हणता येईल. तारीख मात्र आशय पाहूनच निवडली होती.

कायदेशीर झाले, तरी बंदी

बोल्डरमध्ये खत पडले त्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २०१२ रोजी, कोलोरॅडोच्या मतदारांनी ६४ वी दुरुस्ती मंजूर केली. २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस एक औंसापर्यंत, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम गांजा बाळगण्याची मुभा मिळाली. १ जानेवारी २०१४ पासून दुकानांत उघड विक्री सुरू झाली. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये, तर मिशिगनने २०१८ मध्ये तोच मार्ग पत्करला. तरीही या राज्यांतील विद्यापीठांच्या आवारात गांजा निषिद्धच राहिला.

पहिले कारण साधे आहे. उघड्यावर, सार्वजनिक ठिकाणी सेवन करण्यास या राज्यांच्या कायद्यांनीही परवानगी दिलेली नाही. दुसरे, वयाचे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांतले बहुतेक विद्यार्थी २१ वर्षांच्या आतलेच असतात. तिसरे कारण सर्वांत वजनदार असून ते वॉशिंग्टनहून येते. १९७० च्या संघीय अमली पदार्थ कायद्याने गांजाला सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत टाकले. तो तिसऱ्या अनुसूचीत न्यावा असा प्रस्ताव संघीय न्याय विभागाने मे २०२४ मध्ये मांडला. पण अनुसूची बदलली, तरी मौजेखातर केलेले सेवन संघीय कायद्यात वैध होत नाही. आणि १९८९ च्या कायद्यानुसार, संघीय निधी घेणाऱ्या प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेला आवारात बेकायदा अमली पदार्थांवर बंदी घालणारे नियम करावे लागतात. ते दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी कळवावे लागतात आणि दर दोन वर्षांनी त्यांच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यावा लागतो. कसूर केल्यास विद्यार्थ्यांची शैक्षणिक कर्जे व संशोधनाची अनुदाने धोक्यात येतात. कोणताही कुलगुरू दुपारच्या एका मेळाव्यासाठी ही जोखीम पत्करणार नाही.

याखेरीज धूम्रपानबंदीचे एक निरुपद्रवी दिसणारे हत्यार या काळात विद्यापीठांच्या हाती आले. मिशिगन विद्यापीठाने जुलै २०११ पासून, बोल्डरने २०१३ मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व परिसरांनी २०१४ पासून संपूर्ण आवार धूम्रपानमुक्त केले. धूर कशाचा, हे विचारण्याची गरजच उरली नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रुझ येथील परिसराने मधला मार्ग काढला. तेथे ४/२० ला पोर्टर महाविद्यालयाजवळच्या कुरणात हजारो लोक जमत आले आहेत. रेडवूड वृक्षांच्या दाट राईने वेढलेले ते कुरण पूर्णपणे बंद करणे सोपे नाही. तेव्हा प्रशासनाने मेळाव्याऐवजी त्याच्या वाटा आवळल्या: त्या सुमारास वसतिगृहांत रात्री पाहुण्यांना मनाई, वाहनतळांवर निर्बंध, एका बाजूच्या प्रवेशद्वारातून वाहनांना अटकाव. चालत येणाऱ्याला कोणी अडवत नाही. फक्त त्याने बरेच चालायचे.

मराठी विद्यार्थ्यांपुरते

बोल्डर, अ‍ॅन आर्बर, कॅलिफोर्निया ही नावे पुण्या-मुंबईच्या घरांना आता परकी राहिलेली नाहीत. उच्च शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीने या विषयातला एक भाग अतिशय महत्त्वाचा आहे आणि तो पुष्कळदा तेथे पोहोचल्यावरच कळतो. राज्याने गांजा कायदेशीर केला, तो राज्याच्या कायद्यापुरता. व्हिसा, प्रवेश आणि वास्तव्य हे विषय संघीय सरकारचे आहेत आणि त्याच्या लेखी राज्याची मुभा ग्राह्य नाही.

स्थलांतर कायद्यानुसार अमली पदार्थासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाल्यास परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकाच गुन्ह्याला यातून सूट आहे. पण ही सूट हद्दपारीपुरती. तीच व्यक्ती सुटीत घरी येऊन परत जाऊ लागली, तर तोच गुन्हा प्रवेश नाकारण्याचे कारण ठरू शकतो. काही परिस्थितीत गुन्हा सिद्ध होण्याचीही गरज नसते. अधिकाऱ्यापुढे दिलेली सेवनाची कबुली पुरेशी ठरू शकते. अमेरिकी नागरिकत्व देणाऱ्या विभागाने १९ एप्रिल २०१९ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनेत, राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या सेवनामुळेही अर्जदाराच्या 'सद्वर्तना'वर प्रश्नचिन्ह लागू शकते, असे स्पष्ट केले होते.

स्थानिक विद्यार्थ्याला हाच प्रसंग स्वस्तात पडतो. पूर्वी अमली पदार्थांच्या गुन्ह्यामुळे त्याची सरकारी शैक्षणिक मदत थांबू शकत असे. १९९८ मध्ये घातलेली ती अट काढून टाकण्याचा निर्णय अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. परदेशी विद्यार्थ्याची वाट मात्र तितकीच अरुंद राहिली. विद्यापीठाने शिस्तभंगासाठी त्याला एक सत्र निलंबित केले, की पूर्ण वेळ शिक्षणाची अट मोडते आणि त्यावर आधारलेला त्याचा दर्जाही जातो. मैदानावर शेजारी बसलेल्या अमेरिकी मित्राला ताकीद मिळेल, याला परतीचे तिकीट काढावे लागेल. २१ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत अशा प्रकरणाची माहिती पालकांना कळवण्याची मुभाही १९९८ पासून विद्यापीठांना आहे.

भारतातील कायद्याशी तुलना करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. सुटी पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. होळीची भांग या कायद्याबाहेर राहिली ती यामुळे. गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय आपल्या ताब्यातील जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाराही या कायद्याच्या कक्षेत येतो.

अ‍ॅन आर्बरचा मेळावा या सगळ्यातून टिकून राहिला. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे तो केवळ इंटरनेटवर झाला आणि २०२२ मध्ये, पन्नास वर्षे होऊन गेल्यावर, पुन्हा डायगवर भरला. जॉन सिंक्लेअर यांचे २ एप्रिल २०२४ रोजी निधन झाले. चारच दिवसांनी, त्या वर्षीच्या पहिल्या शनिवारी, चौकात गर्दी जमली होती. कायदा बदलून तेव्हा पाच वर्षे लोटली होती. वक्त्यांच्या भाषणांत आता तुरुंगात राहिलेले जुने कैदी, करांचे दर आणि परवाने यांची चर्चा असते. आवारात गांजा ओढण्यास विद्यापीठाची मनाई कायम असून ध्वनिवर्धकाची परवानगी मात्र विद्यार्थी संघटनेला मिळते.